हातातून हातात

१

दगड कोमट होता.

रचनाने हात झटकन मागे घेतला आणि मग स्वतःशीच हसली. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मुलगी ती. तिची आई म्हणायची, हिचा जीव कायम उंबऱ्यावर उभा. पण दगडाला हात लावून दचकायचं म्हणजे हद्द झाली. तिने पुन्हा बोटं टेकवली. कोमटच. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून नुकताच खाली ठेवावा, तसा.

थंडी सुरू झाली होती. ठाण्याची थंडी ती, ऊन वर येईपर्यंत टिकली तर टिकली. पण पत्र्याचं कपाट गार होतं, कुलूप गार होतं, शेजारच्या खोक्यातली हाडं नि खापरं गार होती. हा एकटाच नव्हता. आणि कपाटाची किल्ली गेला आठवडाभर तिच्याच पर्समध्ये होती.

वागळे इस्टेटमध्ये पत्रा कापणाऱ्या दोन पॉवर प्रेसच्या मधोमध त्यांचा गाळा होता. शाळांना आणि म्युझियमना लागणाऱ्या नकला तिथे बनायच्या. कवट्या, मुद्रा, डायनासोरचे दात. सध्या एका विज्ञान केंद्रासाठी हाताची गोष्ट सांगणारं दालन तयार होत होतं. एका लांब फळीवर हातांची ओळ. लांब बोटांच्या, आखूड अंगठ्याच्या वानराच्या हातापासून सुरू होऊन आजच्या माणसाच्या हातापर्यंत, आणि प्रत्येक हाताखाली त्याच्या काळातलं हत्यार. सगळं प्लास्टरचं. खरा होता तो एवढा एक दगड. लाखो वर्षांपूर्वी कुणीतरी दोन्ही अंगांनी टवके काढून धार आणलेली हातकुऱ्हाड. बदामाच्या आकाराची, काळी, एका कॉलेजच्या संग्रहातून नकलेसाठी उसनी आलेली. रचनाने पुरातत्त्वात एम.ए. केलेलं आणि तिचं ड्रॉइंगही चांगलं. त्यामुळे अशा वस्तूंची मापं घेऊन पेन्सिलीने चित्रं काढणं हे तिचं काम.

भिंतीपलीकडे प्रेसची मोटर आहे, तिची धग लागत असेल, असं तिने ठरवलं. मोटर अजून चालूच झालेली नाही हे लक्षात आलं तेव्हा ती पेन्सिलीला टोक करत होती. मग ते लक्षात आलंच नाही, असंही तिने ठरवलं.

२

एरवी असं काही झालं की ती विनिताताईला सांगायची आणि मोकळी व्हायची. पण ताई आठवडाभर रजेवर होती.

विनिता गाळ्यातली साचे बनवणारी. वयाने रचनाहून आठ-दहा वर्षांनी मोठी, डोंबिवलीला मानपाड्याला एकटी राहणारी. रचनाला ही नोकरी तिच्यामुळेच लागलेली. मुलाखतीला आलेल्या रचनाच्या हातून घाबरून पाण्याचा ग्लास फुटला, तेव्हा गाळ्याचे मालक देवेश सर भुवया चढवून बघत राहिले होते. विनिता आतून झाडू घेऊन आली आणि म्हणाली, "सर, हिलाच घ्या. हिने आपला फोडायचा कोटा आजच संपवला." तेव्हापासून दोघींचा डबा एकत्र.

गाळ्यात एक नियम होता, तोही विनितानेच लावलेला. कुठलीही वस्तू हातातून हातात द्यायची नाही. देणाऱ्याने ती बनातीचं मऊ कापड लावलेल्या ट्रेमध्ये ठेवायची आणि तोंडाने म्हणायचं, "ठेवलं." घेणाऱ्याने उचलून म्हणायचं, "घेतलं." म्हणजे पडली तर कुणाच्या हातून पडली याचा वाद नको. विनिता त्याबाबतीत इतकी कडक की चहाचा कपसुद्धा ती हातात देत नसे, घेतही नसे. देवेश सरांनी एकदा साधी टेप पुढे केली, तर ही हाताची घडी घालून उभी. शेवटी सरांनीच निमूट ट्रेमध्ये टाकली आणि म्हणाले, "ठेवलं, बाई."

रचनाच्या आईला ही मुलगी पहिल्या भेटीतच आवडली ती याच कारणाने. मीराबाईंच्या स्वयंपाकघरात हाच कायदा होता. मीठ, मिरची, विळी, सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. नाहीतर भांडण होतं.

"मिरची काय वकील आहे का भांडणं लावायला?" कुंडलिक, रचनाचे बाबा, हमखास विचारायचे.

"तुमची-माझी भांडणं बघा, मग कळेल."

"म्हणजे इतकी वर्षं तू मला चोरून मिरच्या हातात देतेयस."

विनिता हसायची, पण ताटातली मिरची मात्र मीराबाईंनी खाली ठेवल्यावरच उचलायची. "काकूंचं बरोबर आहे," म्हणायची. "हातातून हातात काय काय जातं, कुणाला माहीत."

आणि तरीही, हातकुऱ्हाड गाळ्यात आल्यावर काही आठवड्यांनी, पहिल्यांदा ती रचनाकडे चित्र काढायला द्यायची वेळ आली तेव्हा, ट्रे समोर असताना विनिताने तो दगड थेट तिच्या उजव्या तळव्यावर ठेवला होता.

"घे."

"ताई, नियम?"

"नियम बाहेरच्यांसाठी गं. तू घरातली." आणि रचनाची मूठ तिने दगडाभोवती आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. क्षणभर तशीच धरून ठेवली.

रचनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या संध्याकाळी किसननगरच्या खोलीत भाकरी थापणाऱ्या आईला तिने सांगितलं होतं, "मला ना, मोठी बहीण मिळाली."

३

हातकुऱ्हाडीचं चित्र काढायची एक ठरलेली रीत असते. टोक वर. उजेड डावीकडून, वरच्या अंगाने. एकेका टवक्याच्या खळग्यात बारीक वळणदार रेघा, जिथून घाव बसला तिथे दाट आणि पुढे विरळ. हात हलका हवा. पेन्सिल अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकावर तरंगली पाहिजे.

दुपारी रचनाने कागदापासून मान मागे घेतली आणि बघतच राहिली. रेघा जाड होत्या. नुसत्या जाड नाहीत, कागद खरवडलेला होता. तिने हाताकडे पाहिलं. पेन्सिल तिने मुठीत धरली होती, बालवाडीतलं पोर खडू धरतं तशी.

मग तिने बोटांच्या टोकांत पेन्सिल धरायचा प्रयत्न केला. ती घरंगळली. पुन्हा धरली, पुन्हा घरंगळली. तिसऱ्यांदा तिने दातांनी ओठ दाबून ती धरली तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी एक कळ आली. लहानपणी शाळेत बोटांवर आकडे मोजताना करायची तसं तिने अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावून पाहिला. तर्जनी. मधलं बोट. अनामिकेपर्यंत कसाबसा. करंगळीपर्यंत तो पोचलाच नाही.

गंमत म्हणजे दगड हातात घेतला की काही दुखत नव्हतं. तो तळव्यात असा बसायचा की बोटांना कुठे जायचं ते सांगावं लागत नसे. पहिल्या दिवशी तिला त्याचं केवढं कौतुक वाटलेलं. इतक्या लाख वर्षांपूर्वीच्या हाताचं माप आपल्या हाताला जुळतं. आता तिने तो बनातीवर ठेवला तेव्हा ठेवायला किंचित जोर लावावा लागला, ओल्या कपड्यातून हात काढताना लागतो तेवढा.

घरी तिने बाबांना हात दाखवला. कुंडलिकांनी इस्टेटमधल्या प्रेसवर वीसेक वर्षं काढलेली, आणि उजव्या हाताचा अंगठा तिथेच सोडून आलेले. भाकरीचा तुकडा ते दोन बोटांच्या चिमट्यात धरायचे.

"अंगठा आहे ना जागेवर? मग लागेल आज ना उद्या," ते म्हणाले. "माझा बघ, कशालाच लागत नाही." मग त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेऊन उजेडाकडे वळवला, आणि त्यांचं हसू विरलं. अंगठ्याच्या मुळाशी असणारा मांसल उंचवटा बसलेला होता. "कधीपासून?"

"माहीत नाही. आत्ताच दिसलं."

अंगारे, ताईत, उतारे यांना त्या घरात कधीच जागा नव्हती. दुसऱ्याच दिवशी बाबा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हात दाबून, फिरवून पाहिला. मोबाईल कमी करा म्हणाले, शिरेवर ताण आलाय, जेल लावा, पट्टा बांधा. रचनाला इतकं बरं वाटलं की ती परतताना वडापाव खाऊन आली.

रात्री तिने विनिताताईला फोन लावला. पूर्ण रिंग वाजली. पुन्हा लावला, पुन्हा वाजली. थोड्या वेळाने मेसेज आला. *गावी आहे गं. इथे रेंज नाही. काळजी घे.*

रेंज नसलेल्या फोनची रिंग शेवटपर्यंत कशी वाजते, हा प्रश्न तिच्या मनात आला. तिने तो बाजूला ठेवला. ताईबद्दल असं काही मनात आणायचं म्हणजे पाप, असं काहीतरी तिला वाटलं.

४

"रात्रभर काय टकटक लावली होतीस?" सकाळी आईने विचारलं.

"कसली?"

"भिंतीला. मला वाटलं शेजारचे खिळा ठोकतायत. उठून बघते तर तू. गाढ झोपेत, आणि हात आपला चालूच. एकाच जाग्यावर, एकाच लयीत." मीराबाईंनी चहाचा कप ओट्यावर ठेवला. "मी धरला हात, तर काय ताकद गं तुझी. मला ढकललंस."

रचनाने अंथरुणाशेजारची भिंत पाहिली. रंगाचे पोपडे निघून आतला गिलावा दिसत होता. पापुद्रा सरळ निघालेला नव्हता, शंखाच्या आकाराचा एक खळगा पडला होता, आणि त्याच्या बाजूला दुसरा. असे खळगे काढण्यातच तिचे दिवस जात होते, कागदावर. तिच्या नखांत पांढरी भुकटी होती.

आई बघत होती म्हणून ती हसली. "स्वप्नात ओव्हरटाइम."

"नोकरी सोड ती."

"अगं, काहीही काय. उद्या कॉलेजची माणसं दगड परत न्यायला येणार. आज जाऊन मी तो पॅक करून ठेवते. मग सुटले."

"आज शुक्रवार. सुट्टी ना इस्टेटला?"

"म्हणून तर. शांतपणे होईल."

चपला घालताना तिला आठवत होतं ते वेगळंच. ओळीतला शेवटचा हात, आजच्या माणसाचा, विनिताने रचनाच्याच हातावरून ओतायचा ठरवला होता. दातांच्या डॉक्टरांकडे असते ती गुलाबी पेस्ट बादलीत घोटायची, त्यात मनगटापर्यंत हात बुडवायचा, ती घट्ट झाली की हात हळूच काढून त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं. पहिला साचा छान निघाला असं रचनाला वाटलं होतं. ताई म्हणाली, बुडबुडा आलाय, परत करू. काही दिवसांनी पुन्हा, परत करू. रजेवर जायच्या आदल्या दिवशी आणखी एकदा. "ताई, माझ्या हातालाच बुडबुडे येतात वाटतं," रचना म्हणालेली. विनिता हसली नव्हती. साच्यातून निघालेला रचनाचा ओला हात तिने फडक्याने पुसला, एकेक बोट वेगळं करून, लहान मुलाचा पुसावा तसा.

डबा ओट्यावरच राहिला, हे रचनाच्या लक्षात आलं नाही.

५

शुक्रवारी वागळे इस्टेट ऐकायला वेगळीच लागते. एरवी प्रेसचे ठोके अंगात इतके मुरलेले असतात की ते थांबले की माणसाला आपल्याच छातीतला ठोका ऐकू येतो. दुपारचं टळटळीत ऊन, रस्त्यावर एक कुत्रं, सगळी शटरं खाली. रचनाने त्यांच्या गाळ्याचं शटर अर्ध्यापर्यंत उचललं आणि वाकून आत शिरली.

ट्यूब लावली. कपाट उघडलं. दगड जागेवर होता. तो कोमट आहे का, हे तिने पाहिलं नाही. निदान तिला तरी असंच आठवत होतं, की तिने दगडाला हात लावला नाही. पॅकिंगचा फोमचा डबा मागच्या खोलीत होता, तो आणायला ती वळली.

टक.

ती जागच्या जागी थिजली. कबूतर असेल. पत्रा तापून वाजला असेल.

टक. आणि मग थोडं थांबून, जणू कुणी वस्तू फिरवून बघितली, आणि पुन्हा, टक.

दगडावर दगड. हा आवाज तिला माहीत होता. कॉलेजात प्रात्यक्षिकाला त्यांनी स्वतः टवके काढलेले. घाव घालायचा, दगड फिरवायचा, बघायचं, पुन्हा घाव. मधली ती शांतता महत्त्वाची. पत्रा तापून वाजतो तो असं थांबून बघत नाही.

आवाज मागच्या खोलीतून येत होता. पळून जावं असं तिच्या पायांना वाटत होतं. पण पळून घरी सांगायचं काय? बाबा म्हणतील, बघितलंस का काय आहे ते? न बघता भ्यायचं नाही, हे त्यांनी तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिने मोबाईलचा टॉर्च लावला आणि दार ढकललं.

आवाज थांबला.

खोलीत नेहमीचंच सगळं. प्लास्टरच्या गोण्या, बादल्या, मांडणीवर बिघडलेले साचे. फोमचा डबा सर्वांत खालच्या फळीवर होता. तो ओढताना पुढचं गोणपाट सरकलं आणि मागची फळी उजेडात आली.

तिथे हातांची एक ओळ मांडली होती. दालनातल्यासारखीच, पण ही कुणाला दाखवायला केलेली नव्हती.

पहिल्या हाताच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं होतं, *वि.* करंगळीवरचा भाजल्याचा व्रण रचनाने लगेच ओळखला. विनिताताईचा हात. त्याच्या शेजारी पुन्हा *वि.*, त्याच्या शेजारी पुन्हा *वि.* व्रण तोच, बोटं तीच, आणि अंगठा प्रत्येक हातात थोडा थोडा मागे गेलेला. बोटं लांब झाली होती की अंगठा आखडला होता, सांगणं कठीण. चौथ्यात मूठ अर्धवट मिटलेली, उघडायला नकार देणारी. आणि त्यानंतरचा हात मात्र सरळ, मोकळा, निरोगी. अंगठा जागच्या जागी. तळाशी *वि.*

तिथून पुढच्या हातांवर लिहिलं होतं, *र.*

पहिला तिचा होता, जसा होता तसा. कुठेही बुडबुडा नव्हता. दुसरा बघून तिला आपल्या पट्टा बांधलेल्या हाताकडे पाहवेना. तिसरा अजून पुरता वाळला नव्हता.

म्हणजे ताई मोजत होती. प्रत्येक वेळी तो हात पुसताना, एकेक बोट वेगळं करताना, बघत होती, लागू पडलं की नाही ते. आणि लागू पडलंय अशी खात्री झाल्यावर रजा टाकून निघून गेली होती.

ओळीच्या अगदी टोकाला, टॉर्चच्या उजेडाच्या कडेवर, आणखी एक हात होता. त्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. रंगवलेला असावा, मातकट तपकिरी. बोटांच्या मागच्या पेरांवर टेकलेला. नखाच्या कडेला कातडी सोललेली इतकी हुबेहूब की रचनाच्या मनात आलं, ताईचं काम म्हणजे काम. मग त्या पेरांवर तिला ओल दिसली. घाम असतो तशी.

ती मागे सरकली आणि उजेड फळीवरून घसरला. तो स्थिर झाला तेव्हा फळीच्या टोकाला काही नव्हतं. धुळीत चार पेरांचे चार ठसे होते.

६

ती बाहेरच्या टेबलापाशी कशी आली, तिला कळलं नाही. टेबलाला रेलून ती धापा टाकत होती, मागच्या खोलीचं दार तिने ओढून घेतलेलं होतं. डाव्या हातात मोबाईल होता, टॉर्च चालूच. उजव्या मुठीवर ती अंगाचा भार देऊन उभी होती, आणि मुठीत दगड होता.

तिने तो कधी उचलला?

कपाटाचं दार उघडं होतं. तिथे जागा रिकामी होती. मागच्या खोलीत जाताना तो हातात होता? मग टकटक? तिने विचार तिथेच तोडला. आधी हा खाली ठेवायचा. ट्रे समोरच होता. तिने मूठ बनातीवर टेकवली आणि सवयीने मोठ्याने म्हणाली, "ठेवलं."

मूठ उघडली नाही.

"ठेवलं," ती पुन्हा म्हणाली. आवाज चिरकला. डाव्या हाताने तिने करंगळी उचकटायला घेतली. करंगळी तिची होती, दुखत तिलाच होतं, पण ऐकत नव्हती. पट्टा ताणून फाटला. तिने मूठ टेबलाच्या कडेवर आपटली. दगडाने लाकडाचा एक टवका निघाला, नीट, शंखाच्या आकाराचा.

आणि आता तिला तो दिवस पुन्हा दिसला, पण वेगळा. "घे." समोर ट्रे असताना. चहाचा कपसुद्धा हातात न देणारी बाई, कुणाच्या हातातून काही न घेणारी बाई, तिच्या तळव्यावर दगड ठेवते. तिची मूठ दोन्ही हातांनी मिटवते, ती प्रेमाने नाही; मध्येच सुटू नये म्हणून. आणि नंतर पाठ करून उभी राहते. रचनाला तेव्हा वाटलं होतं, ताई डोळे पुसतेय. ती डोळे पुसत नव्हती. ती आपला अंगठा एकेका बोटाला लावून बघत होती. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. आणि पुन्हा करंगळी. "मुंग्या आल्यात गं," म्हणाली होती. केवढी खूश होती.

तू घरातली.

रचनाला रडू आलं नाही. भीती होतीच, ती तिच्या ओळखीची होती. हे नवं होतं. आपला फुटलेला ग्लास झाडणारी, आपल्या आईची भाजी बोटं चाटून खाणारी बाई त्या पहिल्या दिवसापासून आपल्याकडे कशी बघत असेल, हे तिला कळत होतं. घाबरट आहे, साधी आहे, हाताला हात लावला की विरघळते. हिलाच घ्या, सर.

तिने मोबाईल टेबलावर ठेवला आणि डाव्या बोटाने ताईचं नाव दाबलं. स्पीकर लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा दाबलं. पुन्हा. तिला ताईकडून माफी नको होती. हे खाली कसं ठेवायचं, एवढंच विचारायचं होतं. काहीतरी उपाय असेल. पाण्यात धरायचा असेल, काहीतरी.

मागच्या खोलीत कुणीतरी वस्तू फिरवून बघावी तेवढा वेळ शांतता होती.

तिने पुन्हा दाबलं.

७

शटर खडखडलं आणि ती इतकी जोरात किंचाळली की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"अगं मी आहे, मी," मीराबाई वाकून आत आल्या. हातात कापडी पिशवी. "डबा ठेवून आलीस ओट्यावर. उपाशी काम करतेस आणि मग हात दुखतो." त्या सरळ झाल्या. लेकीचा चेहरा त्यांना दिसला, मग फाटलेला पट्टा, मग मूठ. "काय झालं? रक्त कुठून येतंय?"

रचनाने खाली पाहिलं. दगडाची धार तळव्यात रुतली होती. तिला काहीच जाणवलं नव्हतं.

"आई, तू जा. बाबांना पाठव. नको, बाबांनाही नको. तू बाहेर जा फक्त."

"वेडी झालीस काय. सोड तो दगड आधी."

"सुटत नाहीये."

टेबलावर फोनची रिंग वाजत होती. मीराबाईंनी पिशवी खाली ठेवली. मिरची कधी कुणाच्या हातातून न घेतलेली, मिठाची वाटीही जमिनीवर टेकवल्याशिवाय न उचलणारी ती बाई लेकीच्या तळव्यातलं रक्त बघून सगळं विसरली. तिने आपला हात पुढे केला. कामाने खरबरीत झालेला, पिठाचा वास येणारा, पाची बोटं पसरलेला.

"दे इकडे."

आणि रचनाचा हात उठला. तिने उचलला नव्हता. टेबलावर आपटून, उचकटून, ओरबाडून जी मूठ हलली नव्हती, ती आईच्या तळव्याकडे जाताना अलगद सैल व्हायला लागली. करंगळी आधी सुटली. मग अनामिका. किती हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा अंगठ्याच्या मुळाशी ऊब आली, रक्त परत आल्यासारखी, आणि त्या सुखाने तिचे डोळे आपोआप मिटायला आले.

तिने डाव्या हाताने आपलंच मनगट धरलं आणि मागे ओढलं. हात थांबला नाही. हळू झाला, एवढंच.

"हात मागे घे," ती म्हणाली. ओरडायचं होतं, पण फक्त श्वास बाहेर आला. "आई, हात मागे घे ना."

"अगं दे, लागतंय तुला."

मीराबाईंचा तळवा आणखी पुढे आला, दगडाच्या खाली. मागच्या खोलीचं दार, जे रचनाने ओढून घेतलं होतं, आता थोडं उघडं होतं.

रिंग थांबली. या वेळी ती वाजून संपली नाही, मध्येच थांबली. स्पीकरमधून घरातला आवाज आला, भांड्यांचा, आणि कुकरची एक लांब शिट्टी. आयुष्यात पहिल्यांदा रचना त्या शिट्टीला दचकली नाही.

"हां, बोल रचू." विनिताताईचा तोच मऊ आवाज होता, डब्याचं झाकण उघडून आज काय आणलंस म्हणून विचारणारा. पलीकडे क्षणभर ती ऐकत राहिली. मग तिने सुटकेचा श्वास सोडला.

"दिलास ना? कुणाच्या हातात दिलास?"